डाइकची दुसरी कड

सरांसाठी मी दर जूनमध्ये कामांची यादी करत असे आणि मार्चमध्ये तीच यादी पुढच्या जूनसाठी नीट घडी घालून ठेवत असे. त्यातलं एखादं काम झालेलं असलंच, तर ते मी केलेलं असे.

सर आमच्या भूशास्त्र विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे सर, त्यांच्या हाताखालची प्राध्यापिका मी, एक शिपाई आणि भिंती झाकून टाकणारी दगडांची कपाटं. खनिजं कशी घडतात, खडक कसे बनतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते कसे ओळखायचे, हे एम.एस्सी.ला सर शिकवत. वेळापत्रक, परीक्षा, सहली, बिलं आणि प्राचार्यांची समजूत काढणं, हे माझ्याकडे. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती. सर कुठलीच गोष्ट ठरवत नसत.

ते निवृत्त होऊन गेले तेव्हा निरोप समारंभात सगळे त्यांच्या साधेपणाबद्दल बोलले. मी बोलले नाही. मला आठवत होतं ते रमिलाचं सबमिशन.

रमिला अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाची, काठीजवळच्या एका पाड्यावरची मुलगी. तिला दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ची जागा मिळाली होती. अट एकच, एम.एस्सी.चा प्रबंध विद्यापीठात वेळेवर जमा झाला पाहिजे. जमा करायची शेवटची तारीख होळीच्या लगेच नंतर होती. प्रबंध टाइप झाला होता, तपासून झाला होता, मी सोनेरी अक्षरांत बांधूनही आणला होता. हवी होती ती मार्गदर्शकाची सही. आणि सर सही करत नव्हते.

बाकीच्या मुलांच्या प्रबंधांवर त्यांनी जिन्यात उभं राहून, न उघडता सही केली होती. मी विचारलं तर म्हणाले, ते एकमेकांचं बघून लिहिलेलं आहे, ते एकमेकांनाच दुरुस्त करतील. रमिलाचा मात्र त्यांनी शब्द न् शब्द वाचला होता, आणि जानेवारीपासून ती केबिनमध्ये आली की एकच प्रश्न विचारत होते.

"दुसरी कड कोठे शे, बेटा?"

सर तापीकाठच्या गावचे. वर्गात प्रमाण मराठी, पण एखादी गोष्ट मनाला लागली की अहिराणी सुरू होई. रमिला घरी भिली बोलणारी. ती त्यांना शाळेतल्या शुद्ध मराठीत उत्तर देई, "दिसत नाही, सर." मग दोघंही गप्प बसत. मी बाहेर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत ते ऐकत असे.

प्रश्न काय होता ते सांगते, सोपा आहे. जमिनीला मोठी भेग पडते, खालून तप्त रस त्या भेगेत शिरतो आणि तिथेच थिजतो. पुढे आजूबाजूचा खडक झिजून जातो आणि हा थिजलेला रस भिंतीसारखा उभा राहतो. त्याला डाइक म्हणतात. आपल्या जिल्ह्यात अशा काळ्या भिंती ठिकठिकाणी आहेत, बैल त्यांच्या सावलीला बसतात. रस भेगेच्या दोन्ही कडांना आधी गार होतो, म्हणून तिथले कण अगदी बारीक राहतात. मध्ये सावकाश गार होतो, म्हणून तिथले कण मोठे. डाइकचा अभ्यास करायचा तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने नमुने घ्यायचे. रमिलाने आपल्या पाड्यामागच्या डाइकचे नमुने एका कडेपासून मध्यापर्यंत आणि मध्याच्या थोडं पुढे घेतले होते. तिथे ते थांबले होते. का थांबले, ते प्रबंधात कुठेही नव्हतं.

मी सरांना म्हटलं, एवढ्याने काय बिघडलं? एम.एस्सी.चा प्रबंध आहे. ते म्हणाले, "दुसऱ्यांचा कोणी वाचणार नाही. हिचा वाचतील. तिथले लोक पहिल्या दिवशी हेच विचारतील, आणि ही म्हणेल, दिसत नाही. मग?" मी म्हटलं, मग ते ती बघेल. सरांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा पुसणं म्हणजे बैठक संपली.

सरांना वेळ कळत नसे असं नाही. लाखो वर्षांचा हिशोब ते तोंडी करत. त्यांना आठवडा कळत नसे.

तीन वर्षं अर्ज करकरून मी विभागासाठी दगडाचे पातळ काप करायचं यंत्र आणलं. काप कागदापेक्षा कितीतरी पातळ करावा लागतो, तेव्हा त्यातून उजेड आरपार जातो आणि खनिजांचे रंग दिसतात. सरांनी यंत्राकडे एकदा पाहिलं, त्यावर आपला टॉवेल वाळत घातला आणि मुलांना सांगितलं, काचेवर पूड टाका आणि दगड हाताने घासा. काप जाड राहिला तर खनिज पिवळं दिसतं, बरोबर जमला तर करडं. मुलं तासन् तास घासत. शेवटी कुणाचं तरी करडं येई, आणि सर त्याला आपल्या डब्यातली पोळी देत. डबा यंत्रावरच ठेवलेला असे.

स्फटिक कसे वाढतात ते शिकवायला ते मुलांना डोंगरावर न नेता पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नेत. रस घाईने थंड केला तर कण बारीक, सावकाश केला तर टपोरे, खडकाचंही तसंच, हे तिथल्या कढयांसमोर उभं राहून सांगत. गोष्ट मुलांना जन्मभर लक्षात राहील अशी होती, हे मी मान्य करते. पण खडकांच्या क्षेत्रभेटीच्या अहवालात साखर कारखाना कसा बसवायचा, हे मला प्राचार्यांना सांगावं लागे. एका वर्षी सर खडीसाखरेचा मोठा तुकडा घेऊन वर्गात आले, शिकवता शिकवता तो चघळून संपवला आणि मग मुलांना म्हणाले, आता आकृती काढा.

बाजारपेठेत फरशी आणि ग्रॅनाइट विकणारे एक मारवाडी शेठ आहेत. त्यांचा मला वर्षातून दोन-चारदा फोन येई. "मॅडम, तुमचे सर आलेत. एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं बसलंय. दुसरं जायच्या आत या." मी जाई. कुणीतरी गुजर बाई नव्या बंगल्याच्या ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट निवडत असायची आणि सर भिंग लावून तिला समजावत असायचे, की हा ग्रॅनाइटच नाही, यात क्वार्ट्झ कुठे आहे, हा आपल्या डाइकचा चुलतभाऊ आहे. बाई शेठकडे बघायची. शेठ म्हणायचे, "ताई, नाव काहीही असू द्या, डाग पडत नाही." सर म्हणायचे, "लिंबू पडलं तर?" मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणत असे. शेठ मला नेहमी पाणी देत. त्यांनी कधी तक्रार केली नाही, एवढंच विचारलं, सरांना रविवारी काही काम देता येणार नाही का.

आणि हातोडा. तो कायम कमरेला. लग्नाला, बँकेत, प्राचार्यांच्या आईच्या दशक्रियेला. दिसेल त्या दगडाला एक टोला. कॉलेजच्या कोनशिलेचा कोपरा त्यांनी एका दुपारी उडवला, त्याचा काप केला आणि स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं, की हा दगड बाहेरून आणलेला आहे, आपल्या पायाशी याहून चांगला होता. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. सरांना बोलावण्यात अर्थ नाही, हे त्यांनाही कळलं होतं. मुलांमध्ये मात्र ही कोनशिलेची गोष्ट दरवर्षी नव्याने सांगितली जाई, थोडी वाढवून. रमिलानेही ती ऐकली असणारच.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी सर विभागात आले आणि म्हणाले, आपण रमिलाच्या गावी जाऊ. डाइक बघू. कड असली तर सही करतो.

मी विचारलं, आज? सातपुड्यात होळीला काय असतं ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. काठीच्या होळीला सगळा डोंगर लोटतो, चार दिवस आधीपासून जीपमध्ये पाय ठेवायला जागा नसते. अक्कलकुव्याला स्टँडवर जीपवाल्याला विचारलं, तर तो सरांकडे बघून मला म्हणाला, "म्हॅडम, जावाले जागा भेटी. पन सरले दगड दखाले हाऊच दिन भेटना का?" मला तोच प्रश्न होता. मी त्याला जास्तीचं भाडं कबूल केलं.

मी जायचं कारण एकच. मी गेले नसते तर हे दोघं तिथे एकमेकांसमोर गप्प बसले असते आणि तारीख निघून गेली असती. प्रबंधाच्या सगळ्या बांधलेल्या प्रती मी पिशवीत घालून मांडीवर घेतल्या. सोबत शाई, पाणी, ग्लुकोज बिस्किटं आणि सरांची टोपी, कारण ते टोपी विसरणार होते. पुढच्या सीटवर आम्ही चौघंजण. सर मागे, दोन ढोलांच्या मध्ये. वाटेत ते प्रत्येक वळणावर कापलेल्या दरडीतले थर शेजाऱ्यांना दाखवत होते. शेजारी भिलीत काहीतरी बोलून हसत होते. सरही हसत होते.

होळीला घरी गेलेल्या रमिलाला मी निघताना फोन केला होता, ती मोलगीला येऊन थांबली होती. तिथून तिच्या पाड्याच्या वाटेपर्यंत जीप गेली, पुढे चालत. तिने माझी पिशवी घ्यायला हात पुढे केला, मी दिली नाही. वाटभर तिचा उतरलेला चेहरा बघून मला वाटलं, नमुने खोटे आहेत की काय. तसं असतं तर सगळंच संपलं असतं, जागाही आणि डिग्रीही.

पाड्यावर तिचे वडील घराबाहेर जमिनीवर टेकून बसले होते. त्यांनी होळीचं व्रत धरलं होतं. त्या दिवसांत खाटेवर बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही. काठीला नाचायला जायचं म्हणून मोरपिसांचा टोप बाजूला ठेवला होता. सरांनी नमस्कार केला आणि तेही खाली बसले. वडिलांनी रमिलाला भिलीत काहीतरी विचारलं. तिने मान खाली घातली. मग उठली आणि म्हणाली, चला सर, दाखवते.

डाइक घरामागच्या उतारावर होती. पहिली कड उघड्यावर, काळी, काचेसारखी, बारीक कणांची. सरांनी भिंग लावलं आणि खूश झाले. मग ते आडवे चालत गेले, कण वाढत गेले, मध्यावर तर माझ्या डोळ्यांनाही चकाकते दाणे दिसले. रमिलाचे नमुने घेतल्याच्या खुणा ओळीने होत्या. एकही खोटी नव्हती. मला जरा हायसं वाटलं. मध्य ओलांडल्यावर खुणा संपल्या, आणि तिथून पुढे एक जुनं मोहाचं झाड होतं. झाडाखाली, डाइकच्या पुढच्या अंगाला टेकून, शेंदूर लावलेले दगड होते आणि मातीचे घोडे, काही नवे, काही पावसाने विरघळलेले.

सरांचा हात कमरेला गेला. त्यांनी मुद्दाम नेला असं मी म्हणणार नाही, तो आपोआप जायचा.

रमिला त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, इथे नको."

"का?"

"देव आहे."

सर थांबले. "हे तू मला जानेवारीत का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हातोडा घेऊन आला असता."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. कोनशिलेनंतर प्राचार्यांसमोर मी उभी राहिले होते, ते नाही.

मग त्यांनी हातोडा कमरेतून काढला आणि मला दिला. बूट काढले. रमिलाला म्हणाले, वडिलांना विचार, हात न लावता नुसतं बघितलं तर चालेल का. तिचे वडील आमच्या मागोमाग आले होते. त्यांनी सांगितलं आणि रमिलाने आम्हाला सांगितलं, की बघायला कुणालाच मनाई नाही, देव सगळेच बघतात.

सर पोटावर आडवे झाले. घोड्यांना धक्का लागू नये म्हणून कोपर अंगाशी घेतले आणि भिंग डोळ्याला लावून सुईच्या टोकाएवढ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत राहिले. ऊन तापत होतं. मी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, त्यांना ते कळलं नाही. खाली ढोल तापवायला घेतले होते. मी परतीच्या जीपचा विचार करत होते. रमिलाने कुणाकडेही न बघता हातांची घडी घातली होती.

बऱ्याच वेळाने जमिनीलगत आवाज आला, "बारीक व्हई ऱ्हायनं." आणि थोड्या वेळाने, "कड शे. आठेच शे."

रमिला खाली बसली. इतके महिने ती काय धरून होती ते मला तिच्या बसण्यावरून कळलं. सरांनी हातोडा मारला असता तर तिला या पाड्यावर पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. सरांना अडवलं असतं आणि ते चिडले असते, तर सही गेली असती. म्हणून तिने "दिसत नाही" एवढं एकच वाक्य धरून ठेवलं होतं.

सर उठून बसले, शर्टावरची माती तशीच. म्हणाले, "आता लिही."

"काय लिहू, सर?"

"हेच. या कडेचा नमुना घेतलेला नाही, कारण ही जागा देवाची आहे. कड भिंगाने पाहिली आहे."

"थिसिसमध्ये असं लिहितात का?"

"नाही लिहीत. म्हणून लोक न घेतलेले नमुने घेतले म्हणून सांगतात, नाहीतर दिसत नाही म्हणतात. दिसत तर होतं तुला."

मी मध्ये पडले. प्रती बांधून झाल्या होत्या, सोनेरी अक्षरांत. आता एक वाक्य घालायचं तर पुन्हा टाइप, पुन्हा बांधणी, आणि होळीत बाइंडर कुठला. सर म्हणाले, हाताने लिहील. मला नियम माहीत होता: हाताने केलेली दुरुस्ती चालते, शेजारी मार्गदर्शकाची छोटी सही हवी. नियम माहीत असल्याचा मला त्या दिवशी फार राग आला. हे एक वाक्य जानेवारीत फोनवर सांगता आलं असतं.

प्रबंध इंग्रजीत होता. देवाच्या जागेला इंग्रजीत काय म्हणावं, यावर दोघं मोहाखाली बसून भांडू लागले. सरांनी सुचवलेला प्रत्येक शब्द रमिलाने खोडला. हा देवळाचा, हा चर्चचा, हा म्युझियमचा. शेवटी तिने त्या जागेचं त्यांच्या बोलीतलं नाव देवनागरीत लिहिलं आणि खाली दोन ओळींत अर्थ सांगितला. प्रत्येक प्रतीत. सरांनी प्रत्येक ठिकाणी सही केली, आणि मग पहिल्या पानावरची, जिच्यासाठी मी जानेवारीपासून त्यांच्या मागे होते, तीही. प्रती मी पिशवीत घातल्या आणि चला म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही विचित्र बोलले. सरांना रमिलाच्या वडिलांनी काठीला चला म्हटलं होतं. आणि रमिलाचं तर घरच होतं, होळी सोडून ती कुठे जाणार?

सबमिशन रमिलाचं, सही सरांची, आणि रस्त्याला लागले मी. सगळा डोंगर वर येत होता, म्हणून खाली जाणाऱ्या जीपा रिकाम्या होत्या, हे माझं आधीच हेरून झालं होतं. एका जीपमध्ये मी आणि ड्रायव्हर, दोघंच. त्याने विचारलं, "सर कोठे ऱ्हायना?" मी सांगितलं, नाचायला गेले. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची खिडकी उघडली तेव्हा रांगेत पहिली मी होते. सर तिसऱ्या दिवशी आले, कानामागे राख, आणि त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हातोडा कुठे आहे हा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळला आणि हस्ताक्षराच्या पानावर बोट ठेवलं. नमुना नसताना कड आहे असं कशावरून? रमिला म्हणाली, भिंगाने पाहिली आहे, सरांनीही पाहिली आहे, तुम्हीही येऊन बघू शकता, पण हातोडा खाली ठेवून यावं लागेल. परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. पुढचा प्रश्न फेल्डस्पार या खनिजावर आला. जूनअखेर रमिला आपल्या जागेवर रुजू झाली. स्टेशनवर तिला सोडायला मीच गेले. सरांना गाडीची वेळ सांगितली होती, ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊन आले.

त्यानंतर सरांनी एक नवीन काम काढलं, म्हणजे मला दिलं. प्रत्येक प्रबंधात एक पान हवं: न घेतलेले नमुने, आणि का नाही घेतले. मी म्हटलं, विद्यापीठाच्या ठरलेल्या साच्यात असं पान नाही. ते म्हणाले, घाल. पुढच्या बॅचच्या मुलांनी लिहिलं, ऊस उभा होता. मालकाने कुत्रं सोडलं. तिथे लग्नाचा मांडव होता. एरवी प्रबंध न उघडणारे सर ती पानं वाचायला शिपायाला घेऊन बसत, आणि मार्क याच पानाला सगळ्यांत जास्त. बेरीज जुळवता जुळवता मी थकून जाई.

सर निवृत्त होऊनही आता काही काळ झाला. ते पान मी काढून टाकणार होते. यादीत तसं लिहिलंही होतं. मग म्हटलं, राहू दे, एकच तर पान आहे. यंदा एका मुलाने त्यावर लिहिलं, "ऊन फार होतं, कंटाळा आला, परत फिरलो." सरांनी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. मी अर्धा मार्क कापला आणि सही केली.